अडचणीत पहिल्यांदा कुणाकडं जाता?

केज, माघ वद्य पंचमी, फसली १३३८

प्रिय रामहरी,

तुझा निबंध हैदराबादेच्या कॉलेजात वाखाणला गेल्याचं कळलं. यंत्रापाशी माणसं कशी वागतात, याचा आपल्या मुलखात असा अभ्यास कुणी केला नव्हता म्हणे. आपण एकाच पाटीवर गिरवायला शिकलो. तू प्रोफेसरांत बसतोस, मी जिनिंगचं इंजन चालवतो. अभिमान वाटला.

तू आलास तेव्हा जिनवर कापूस घालणाऱ्या बाया तोंड उघडेनात. मी म्हणालो, माझा दोस्त हाय, बोला. मग बोलल्या. अडचण आली की पहिल्यांदा कुणाकडं जाता, हे तू एकेकीला विचारलंस. सगळ्यांनी त्यांच्यातल्याच भिवराबाईचं नाव घेतलं. माझी बायको छबू तर हसून म्हणाली, "भावजी, मायपरीस मला तिचाच आधार हाय." जाताना तू ते सगळं मालकांना वाचून दाखवलंस. त्यांनी इजाजत दिली होती, तेव्हा सांगणं भागच होतं, असं तू म्हणालास.

दुसऱ्या सकाळी भिवराबाईला फाटकातूनच परत पाठवलं. "कावून?" तिनं विचारलं. मुकादम म्हणाला, "बाया तुझं ऐकतात म्हणून."

त्यानंतर जिनिंगमध्ये कुणी बोलेना. काम वाढलं, मालक लई खूश. आधी कुठं काही अडकलं की भिवराबाई इंजनघराच्या दारात येऊन ओरडायची, "आश्रुबा, थांबीव!" मी वाफ तोडायचो, मालकांच्या शिव्या ती खायची. पौषात छबूचा पदर पट्ट्यात गेला. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. इंजन थांबवायला लावलं तर उद्या आपणही फाटकाबाहेर. भिंतीपलीकडं मला काहीच कळलं नाही. मी कोळसा टाकत होतो. शेवटी बायांतली सुंदरबाई धावत आली आणि माझा हात धरून ओढू लागली.

छबू दवाखान्यापर्यंत पोचली नाही. तेरावं झालं आणि मी पुन्हा त्याच इंजनावर उभा राहिलो.

हे कळवायला मात्र पत्र लिहिलेलं नाही. मालकांनी गेवराईला दुसरं जिनिंग घेतलंय. तिथल्या बायांचाही तसाच अभ्यास तू करावास, आणि दोस्तीखातर मीच तुला बोलवावं, असा त्यांचा हुकूम आहे. तो पाळला. आलास तर त्यांच्या बंगल्यावर उतर. माझ्याकडं तुला भाकरी करून घालणारं आता कुणी नाही.

अजून तुझाच म्हणवणारा,
आश्रुबा