चिन्मयीला कासव हवंय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कासव! कुत्रा नाही, मांजर नाही, पोपट नाही — कासव. आज तिसरा दिवस. चिन्मयी कार्यशाळेतून आली, चप्पल काढली आणि दारातूनच, "बाबा, पाण्यातलं. लहान."

एकोणतीस वर्षांची आहे माझी पोरगी. समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीची, हट्ट मात्र थेट आईचा. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हुडकेश्वरच्या या घरात आम्ही दोघंच.

कामिनीताईंचं पत्र कपाटात ठेवलंय. चिन्मयीची कार्यशाळा त्याच चालवतात. रामटेकजवळ त्यांनी अशा मुलांसाठी निवासी घर बांधलंय, तिथे हिच्यासाठी एक जागा आहे — कायमची. एक डिसेंबरपासून. अठ्ठावीसपर्यंत हो की नाही ते कळवायचं. मी एकोणसत्तर. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवली. माझ्यानंतर हिचं कोण, हे रोज सकाळी मनात येतंच. आणि उत्तर चालून आलं तर मी ते कपाटात ठेवलं!

चिन्मयीला यातलं काही सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी घेऊन गेलो एका दुकानात. प्लास्टिकच्या टबात दहा-बारा हिरवी पिल्लं, एकावर एक चढलेली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहते काका. भात टाका, पोळी टाका, सगळं खाते." मी विचारलं, आणि मोठं झालं तर? "मंग तलावात सोडून द्या. सगळेच सोडतेत."

बाहेर आल्यावर चिन्मयी म्हणाली, "बाबा, मोठं झालं का सोडून देतेत?"

ऑटोवाल्याशी मी उगाचच भांडलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर मोबाइलवर वाचन. त्या दुकानदाराला एक अक्षर माहीत नाही! ती हिरवी पिल्लं ताटाएवढी होतात. पोळी अजिबात चालत नाही. आपल्या नद्या-तळ्यांतलं कासव घरात ठेवणं तर सरळ गुन्हा. विदेशी तलावात सोडलं तर तिथल्या कासवांच्या जिवावर उठतं. दिवा लागतो, तोही साधा नाही. वर चढून बसायला कोरडी जागा लागते. कासवाला हात लावला की हात साबणाने धुवायचे.

आणि जगतात किती? तीस-चाळीस वर्षं! म्हणजे मी शंभरीच्या पुढे. मोबाइल ठेवून दिला आणि भाजी चिरायला बसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रमोदिनी आली. धाकटी असून माझी थोरली बहीण असल्यासारखी वागते. पिशवीतून पितळी कासव काढलं, ताटलीत पाणी ओतलं, त्यात ठेवलं. "घे दादा, कासव! खात नाही, घाण करत नाही, मरत नाही. उत्तरेकडे तोंड करून ठेवजो."

चिन्मयी बराच वेळ ताटलीसमोर बसली. मग म्हणाली, "हे पाहत नाही, आत्या." विषय संपला.

जाताना प्रमोदिनीने मला फाटकाशी गाठलं. "कामिनीताईले हो म्हण. काहून लटकवून राहिला गा? उद्या तुले काही झालं तर?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तू बघतच राहशील."

१२ नोव्हेंबर, बुधवार

नंदनवन वस्तीत धम्मानंद म्हणून एक जण भेटला. घरीच मासे-कासवं सांभाळतो. हा माणूस आधी विकत नाही, आधी विचारतो! घरी ऊन कुठून येतं, नळाचं पाणी किती वेळ ठेवता, गावाला किती वेळा जाता. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं आरेखक होतो, प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो.

त्याने मस्क जातीचं दाखवलं. काळपट, बिस्किटाएवढं. वाढून वाढून तळहाताएवढं होतं. पोहण्यापेक्षा तळाशी चालतं जास्त. "नव्या माणसाले हेच बरं काका. फक्त विदेशी आहे म्हणून सरकारात ऑनलाइन नोंद करा लागते. कोनाच्या नावानं करू?"

मी चिन्मयीचं नाव सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबाच्या."

मी माझं वय सांगितलं. हे माझ्यानंतरही जगेल, तेव्हा काय? धम्मानंद म्हणाला, "मंग मले आणून द्या. मी हावो न."

कासवाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. परत येताना दोघांनी उसाचा रस घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकी आली, तीन फूट. आरेखन करूनच टेबल ठेवलं होतं, तरी एका कडेला पाणी अर्धा सेंटिमीटर जास्त! टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. थंडी पडलीय म्हणून पाण्यात हीटरही लावला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आलं एकदाचं. नाव काय ठेवायचं विचारलं तर चिन्मयी म्हणे, "तुम्हीच ठेवा." मी नत्थूजी ठेवलं. आमच्या खात्यातले नत्थूजी असेच मान बाहेर काढायचे, सही करायचे, मान आत.

चिन्मयी हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "आता खायले द्या."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मागितलं हिनं आणि राबायचं मी! ही नुसती मागे उभी. "बाबा, दाणे मोजा." "बाबा, हात धुतले?" "बाबा, दिवा बंद करा लागते." एकदा तरी स्वतः कर म्हटलं तर मान हलवते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज ओरडलो. कमरेत वाकून पाणी बदलत होतो, ही खुर्चीत. म्हटलं, "तुझं कासव न हे? मग मी काहून करून राहिलो?" तर म्हणते, "करा न बाबा. येते तुम्हाले." मी मग्गा आपटला. ती टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. रडली नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रमोदिनीला फोनवर सांगितलं — पाच दिवसांत हिचं कासवावरून मन उडालं. जी एक कासव सांभाळत नाही, ती परक्या जागी स्वतःला काय सांभाळणार? मी नाही म्हणून कळवतो. ती चिडली. "तुले कारणच पाहिजे होतं."

हो, पाहिजे होतं. इथे कोण वाचतंय! हिच्याशिवाय मला या घरात एक दिवस राहायचं नाही. सकाळी दोन कप चहा ठेवायची सवय आहे. एकाच कपाचा चहा कसा करायचा, मला ठाऊक नाही आणि शिकायचंही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नत्थूजी आज माझं बोट पाहून काचेपाशी आले. हुशार आहे बेटा! उद्या सकाळी कामिनीताईंना फोन.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

'नाही' तोंडातून निघायच्या आतच कामिनीताई म्हणाल्या, "काका, आलं का कासव? चिन्मयीला मी आधीच विचारलं होतं, ती महिनाभरापासून तयार आहे. पण म्हणे, बाबाजवळ कोनी आल्याशिवाय मी येत नाही. कुत्रा बाबाले ओढन, मांजर पळून जाईन, कासव घरीच राहते. आणि तुम्हाला सांगू नका म्हणाली, तुम्ही रडता म्हणून."

फोन हातात तसाच धरून चिन्मयीकडे पाहिलं. ती आपले कपडे घड्या करून पलंगावर रचत होती.

मी हो म्हणून कळवलं. सोमवारी दहा वाजता निघायचं आहे.