रत्नाची चार बोटं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
चिटगुप्पा, आश्विन शु. १२, शके १८५७

चि. सौ. निलम्मास गौरम्माअक्काचे अनेक आशीर्वाद.

बाजारातून आलेलं: हिरव्या सुताच्या दोन लड्या, पिवळी एक, तांबडी एक, मिळून साडेचौदा आणे, निजामी हाली नाण्यात. चुना एक पाटी, तीन आणे. सूत टपालानं तुला पाठवलं आहे. चुना माझा, पुढच्या आठवड्यात महादेवप्पा भिंतींना द्यायला येणार.

श्रावणात तुझी रत्ना तापात लिंगैक्य झाली, तेव्हापासून तिचा छोटा माग ताणा लावलेला तसाच उभा आहे आणि तू त्याला पाठ करून जेवायला बसतेस, असं तुझे यजमान जगदेवप्पा लिहितात. पोरीनं बापाच्या मेजासाठी पट्टी मांडली, रंगांचा आराखडा कागदावर केला, पांढरा काठही विणला. पुढचं कामून अर्धवट ठेवायचं? तिच्याकडूनच तू माग शिकलीस, सूत तोडतेस म्हणून तिची बोलणीही खाल्लीस. दिवाळीआधी पुरी कर.

लोभ आहेच, तो राहू दे, चार घास जास्त जेव.
गौरम्मा

गुलबर्गा, आश्विन व. ४

ती. सौ. अक्कास निलम्माचा शि. सा. न. वि. वि.

सूत पोचलं. मागावर बसले. रत्नानं लिहिलंय: हिरवा चार बोटं, पिवळा एक, तांबडा चार, पुन्हा हिरवा. तसं मोजून विणत गेले. ताणा संपत आला तरी आराखड्यातले कितीतरी पट्टे राहिलेलेच. पोरीचा हिशेब चुकला म्हणून मी मोठ्यानं बोलले, अक्का, तिच्यावर रागावले. हे मेजापाशी बसले होते. म्हणाले, "बोटं तू तुझी लावलीस. तिची न्हाई."

इतकी बारीक होती तिची बोटं, आणि मी दोन महिन्यांत विसरले. सगळं उसवलं.

घरात तिच्या हाताचं माप कशावर न्हाई. गेल्या दिवाळीला तुमच्या कोठीच्या भिंतीवर पोरींनी हळदीचे पंजे उमटवले, त्यात तिचा आहे. वर्षात वाढली असेल तेवढी असो. तिथं चुना देऊ नको. चार बोटांवर दोरा धर आणि तोडून पाठव.

माया आहे तशी ठेवावी.
निलम्मा

चिटगुप्पा, आश्विन व. ८

चि. सौ. निलम्मास आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. महादेवप्पा कालच चुना देऊन गेला होता, कोठीलासुद्धा. पत्र हातात घेऊन तशीच आत गेले. काय लिहून कळवावं याची मनात जुळवाजुळव करत होते.

भिंतीवर पंजे होते. चुन्यातून वर आलेले, तांबडे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपण जन्मभर करतो, पण माझ्या ध्यानात आलं न्हाई. रत्नाचा लगेच ओळखला, करंगळी वाकडी. खाली बसले, मग उठून दोरा धरला.

संध्याकाळी महादेवप्पा आला, डाग उठलेत म्हणाला, दुसरा हात देतो. त्याला मजुरी देऊन परत पाठवलं.

दोरा सोबत आहे. लहानसा आहे, पाकीट उघडताना मांडीवर पदर पसर. हातात आला की उलट टपाली कळव. बाकी काही लिहू नको, पोचला एवढंच लिही.
गौरम्मा