दोन हातांत मावेल तेवढं

७ ऑगस्ट १९५६, मंगळवार
श्रावण लागला. घाटकोपरचा आमचा डोंगर काही सुधारत नाही. मागची भेग आधी हात जाईल एवढी होती, आता म्हणे बोकड आत पडेल. खाणीतले सुरुंग बंद केलेत. आता बंद करून काय उपयोग, हलायचा तो हललाच. पाहणीला माणूस आला होता. आमच्या न्हाणीमागे छत्री धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तयारीत राहा." घर सोडा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. जायचं कुठे ते तर बोललाच नाही. वाट लागली सगळी!

चाळीत ठरलं: वरच्या ओळीतल्यांना माती सरकताना दिसली की थाळी बडवायची, आणि आपण शाळेकडे पळायचं. ह्यांनी घरचा कायदा काढला. "प्रत्येकाने दोन हातांत मावेल तेवढंच." हे देव आणि कागदपत्रं घेणार. शकू गाठोडं. मी एका हातात शकू, दुसऱ्या हातात काय ते माझं मी ठरवायचं.

"तुम्ही ऑफिसात असलात तर?"
"तर शकू घेईल देव. मोठी झाली आता, नऊ वर्षांची घोडी."

९ ऑगस्ट
कु.ची ट्रंक उघडली. (पूर्ण नाव लिहायला अजून हात धजत नाही. तिच्याच नवऱ्याशी संसार करते, तिचीच पोर न्हाऊमाखू घालते, आणि नाव लिहायला घाबरते. धन्य.)

ट्रंक न्यायची सोय नाही. त्यातलं एकच काय ते गाठोड्यात. ह्यांनी पैठणी काढली, लग्नातली. शकूने तळातून एक विरलेलं व्हॉईलचं पातळ ओढलं. पदरावर हळदीचे डाग. स्वयंपाक करताना कु. पदराला हात पुसायची म्हणे.

"हे. ह्याला आईचा हात आहे."
"अगं, ते फाटकं काय नेतेस? जर बघ हिची!"

बापलेकीचं जुंपलं. शेवटी मीच म्हटलं, घेऊ दे तिला. पैठणी परत ट्रंकेत. डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. ट्रंक बंद होईपर्यंत मी श्वास धरून बसले होते, असं नंतर लक्षात आलं.

माझ्या ट्रंकेतलं काय घ्यायचं, ते कुणी विचारलं नाही. भांडी मात्र मी अशी आपटली की शेजारच्या सुंदरावहिनी डोकावल्या.

१२ ऑगस्ट
गाठोडं दाराशी. येताजाता ठेच लागते. शकू दिवसातून दहादा सोडते, पातळ आहे ना बघते, परत बांधते.

माझा दुसरा हात ठरला. आईची शिवणाची पेटी. माहेर तर संपलंच, तेवढ्या कात्री-सुया राहिल्यात. शकूला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तुझी आई पेटीत, माझी तुझ्या गळ्यात." आणि खेळायला पळाली. मी बराच वेळ गळ्यातला टाक चाचपत बसले. चांदीचा इवलासा पत्रा, त्यावर बाई उमटवलेली. नाक नाही, डोळे नाहीत, तरी बघते. लग्नात गेलेल्या सवतीचा म्हणून गळ्यात घातला तो घातला. नवं पातळ आलं की आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. राग यायचा पहिल्यांदा. आता येत नाही. आता तिला विचारल्याशिवाय आमटीत मीठसुद्धा पडत नाही माझं.

१४ ऑगस्ट
कावळा शिवला. आजच शिवायचा होता मेल्याला. ओसरीवर चटई टाकून बसलेय. टाक उतरवला, शकूने देव्हाऱ्यात ठेवला. हे स्टोव्हवर भात टाकतात, करपवतात आणि मलाच विचारतात असा का लागतो. गळा मोकळा वाटतो. मोकळा म्हणजे हलका नव्हे. कुणीतरी मागून बघतंय असं.

१७ ऑगस्ट, विलेपार्ले, सकाळी
आहोत. तिघेही आहोत. आधी ते लिहिते.

काल जेवणवेळ टळून गेली होती. हे ऑफिसात. शकूला ताप म्हणून शाळेत धाडलं नव्हतं. ही वही मांडीवर, पेटी चटईशी. थाळी वाजली. आधी वाटलं, कुणाकडे बारसं. मग सुंदरावहिनी ओरडल्या, "अगं उठ! आला गं आला!"

शकूने गाठोडं उचललं. मी वही कमरेला खोचली, एका हातात पेटी, एका हातात ती. फाटकापर्यंत आलो. तिथे पोरीने हात हिसडला. "आईचा टाक!" आणि उलटी घरात.

पेटी टाकली आणि धावले. स्वयंपाकघरात शकू देव्हाऱ्यासमोर गाठोडं कवटाळून उभी. हलेना, बोलेना. न्हाणीच्या दाराखालून चिखल येत होता आणि मागची भिंत पोट काढून उभी होती. मी उंबऱ्याशी थांबले. अशा दिवसांत तो उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. ओलांडला.

समोर देव. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलदैवत. हात पुढे गेला आणि अडला. खोटं कशाला लिहू? जीव जायची वेळ आली तरी देवांना शिवायची हिंमत झाली नाही. शकूला म्हटलं, "तू घे गं, तू घे," ती दगडासारखी. मग मी तिला उचललं. कु.ला. ती बाईच होती. तिला का हे दिवस चुकले होते?

एका हातात शकू, एका मुठीत टाक. बाहेर पडलो. मागचा आवाज फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं ओतावं तसा. वळून बघितलं तर आमच्या खोलीच्या जागी डोंगर बसला होता. चाळीतली माणसं सगळी निघाली, एवढं खरं.

हे संध्याकाळी शाळेत शोधत आले. शकूला पोटाशी धरलं, मला बघितलं, मग म्हणाले, "देव?"
मूठ उघडून दाखवली. "हिला आणलं."
"तू? ह्या दिवसांत?" आणि बाकावर बसले. थोड्या वेळाने शकूला म्हणाले, "तू तरी उचलायचे होतेस गं."

तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं. "पोरीला बोलायचं नाही. मला काय ते बोला." शाळाभर माणसं बघत होती, बघू देत.

दुसरी जागा कुठली? दादरला गाडी बदलून पार्ल्याला. कु.चं माहेर. रीतीने माझंही माहेर तेच. तिच्या आईला मी आई म्हणते, पण घशात अडकतं. त्यांनी टॉवेल दिले, चहा केला, शकूला कुशीत घेतलं. मग माझ्या मुठीकडे बघितलं.

"कुणी उचलला?"
"मी."
वाटीत दूध आणलं, लांबूनच समोर ठेवलं. "ह्यात सोड." सोडला. वाटी घेऊन आत गेल्या. परत दिला नाही.

१८ ऑगस्ट
काल डोक्यावरून न्हाले. नेसायला काय? अंगावरचं चिखलाने गेलेलं, माझी ट्रंक डोंगराखाली. गाठोड्यात बाईचं वस्त्र एकच, ते हळदीच्या डागांचं. आईंनी कपाटातून पोलकंही दिलं, कु.चं लग्नाआधीचं. कुठेही उसवावं लागलं नाही, कुठेही आवळलं नाही. नवं नेसताना आधी तिला दाखवायचं, ही रीत. तिचंच नेसायचं तर कुणाला दाखवू? आणि ती तर देव्हाऱ्यात, दुधात.

ओट्याशी पाठमोरी उभी होते. शकू मागून धावत आली, कमरेला मिठी मारली, तोंड पाठीत खुपसलं. "आई—"
मग हात सुटले.
मी वळले नाही. वळायला हवं होतं का? तिला माझं तोंड दिसू नये असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आई म्हटलं आणि ते माझं नव्हतं.

२६ ऑगस्ट, रविवार
हे घाटकोपरला गेले होते. सुट्टी असली की जातात, सळईने माती टोचतात. आज देव्हाऱ्याची घंटा मिळाली, चेपलेली, जीभ नाही. आईंनी आपल्या देवांत ठेवू दिली नाही. खुंटीला टांगली आहे. वारा आला तरी वाजत नाही, पण मी वाट बघते.

शकू आता माझा हात धरत नाही. आजीजवळ निजते, आजीशी बोलते. कु.च्याच शाळेत नाव घातलंय. आज एकच प्रश्न विचारला: "मावशी, देवांचा श्वास कोंडला असेल?"
"देवांना श्वास नसतो गं."
"मग आईला?"
पळालीच. उत्तर नको होतं तिला.

३१ ऑगस्ट
या घरात दुपारी बिस्किटांचा गोड वास येतो, कारखान्याकडून वारा फिरला की. दाराच्या चौकटीवर कु.च्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा. शेवटची रेघ माझ्या डोक्याला बरोबर लागते. उगाच उभी राहून पाहिलं. पाहायला नको होतं.

आज आई माजघरातून ओरडल्या, "कुसुम, दूध बघ गं, उतू जातंय!"
मी म्हटलं, "आले."
दूध उतरवलं. दोघींनाही कळलं.

१० सप्टेंबर
यंदा आपला गणपती नाही. हे म्हणाले, "कुठल्या तोंडाने?" आरत्यांना शेजारी गेले, मागे उभे राहिले.

मुलुंडला खोली मिळाली. एकच, पण कोरडी, आणि डोंगर लांब. पहिल्यांदा बरं वाटलं. ते तासभर टिकलं. जेवताना आई म्हणाल्या, "शकूला इथेच राहू दे. शाळा लागलीय. आणि तुलाही उद्या आपलं होईल."

आपलं! म्हणजे ही कुणाची? घास तसाच ठेवला. ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटात बघत. मग म्हणाले, "देव नाहीत त्या घरात पोर कशी न्यायची? बघू."

बघू म्हणे. आता मला कळलं, देव सोडल्याची शिक्षा कुठून वसूल होणार ते. डोंगरातून हिला ओढून काढली ती काय पार्ल्याला पोचती करायला?

२० सप्टेंबर
पितृपक्ष लागला. मी टाक मागितला नाही, आई देत नाहीत. जेवताना, केर काढताना हात गळ्याशी जातो. तिच्याशी बोलायची सवय सुटत नाही. तुझी पोर मला हवी आहे गं, असं आज मोठ्याने म्हटलं, विहिरीवर. कुणी नव्हतं. नव्हतं ना?

२८ सप्टेंबर, अविधवा नवमी
सवाष्ण गेलेल्यांचा दिवस. कु.साठी सवाष्ण जेवायला हवी. मला वाटलं शेजारच्या कुणाला सांगतील. आईंनी पाट मांडला आणि मला म्हणाल्या, "बस."

कुसुमच्या पाटावर, कुसुमच्या नावाने, कुसुमचं पोलकं घालून. वाढलं. ओटी भरली. मग देव्हाऱ्यातून ताटलीत टाक आणला, माझ्या पानाशेजारी ठेवला, त्याच्यापुढेही खिरीची वाटी. लख्ख घासलेला. दारात शकू उभी, नखं खात.

आई वाढता वाढता थांबल्या. "ती गेली तेव्हा मी घाटकोपरला पोचले नाही. निरोप आला, निघाले, उशीर झाला. माझ्या पोरीला उचलायला मी नव्हते." मग पदर तोंडाला. "तू पोचलीस. त्या विटाळाचं मी काय घेऊन बसले."

मी रडले. त्याही. खीर तशीच राहिली. टाक त्यांनीच माझ्या गळ्यात घातला. गार होता.

"टाक तुझा," म्हणाल्या. "पोरीचं मात्र मी सांगणार नाही. तूच विचार तिला."

२९ सप्टेंबर
उद्या मुलुंड. हे सकाळपासून चेपलेली घंटा चिंचेने घासतायत.

शकूला मागल्या पायरीवर गाठलं. शब्द जुळवून गेले होते, सगळे विसरले. म्हटलं, "येतेस?"

ती पायरीवरचा चुना खरवडत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तिथेही थाळी वाजली तर?"
"तर पळायचं."
"तू काय घेशील?"
"एका हातात तू."
"आणि दुसऱ्या?"
"तुझी आई."
"आणि तुझी पेटी?"

पेटी गेल्याचं मी कुणाला बोलले नव्हते. फाटकाशी टाकलेली ती हिने बाहेर पडताना पाहिली होती. तिने एकदा वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे. आणि आत गेली, आजीकडे.

गाठोडं भरलं आहे. हळदीचं पातळ धुतलं नाही, तसंच घडी करून सर्वात वर. शकूचे दोन परकर गाठोड्याशेजारी ठेवलेत, आत नाही. तिच्या हाताला लागतील असे. गाठ अजून मारलेली नाही.