दुष्काळातलं माझं अंग

॥ श्री ॥

मु. खडकवस्ती, ता. पाथर्डी,
जि. अहमदनगर
ता. २१ फेब्रुवारी १९७३

चि. लंका हिस आक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं जसं असायचं तसं आहे. तुम्ही दोघं तिकडे साखर कारखान्यावर ऊसतोडीला खुशाल असाल. पाचटाच्या कोपीत वारा शिरत असेल, तुला दिलेली वाकळ अंगाला पुरते ना? तुझ्या दाजींचा खोकला गेला का? ओवा भाजून देत जा, म्हणजे बरं वाटतं त्यांना.

आपल्या विहिरीचा तळ दिसतोय. टँकर येतो तेव्हा झुंबरबाई तिच्या हंड्याबरोबर माझाही भरून आणते. शेजारीण आहे म्हणून भागतं. तुझ्या दाजींच्या मागं त्यांचा भाऊ म्हणून कानिफभाऊजींनी बैल जनावरांच्या छावणीत नेऊन बांधले. गोठा रिकामा आहे.

गावाजवळ सडकेचं काम निघालंय. सगळ्या बायका खडी फोडायला जातात, म्हणून मीही गेले. कारकून नवा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमी कशाला आल्या? तुमाला कोन उपाशी म्हनंल?" बायका हसल्या. मीही हसले. त्यांच्या आधी आपणच हसलं की कमी लागतं, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. झुंबरबाई भांडली त्याच्याशी, म्हणून मला घेतलं. उकिडवं बसता येत नाही, तर एका धोंड्यावर टेकून फोडत होते. दम लागायचा, पण फोडत होते.

मग एक दिवस मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून कळलं. कारकून माझ्याकडे आला. वाईट बोलला नाही, अगदी हळू बोलला. "मावशी, तेवढी जीप जाऊस्तोवर पलीकडं बसा. साहेब म्हनतील, हितं कसला दुष्काळ हाय." मी खडीच्या ढिगामागे जाऊन बसले. जीप आली, साहेब बोलले, जीप गेली. मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. कामावर भाजल्या पिठाची सुकडी वाटतात, ज्याला त्याला एक वाटा. मला त्यानं दोन दिले. लंका, मी ते दोन्ही खाल्ले. ढिगाच्या आडच बसून, घाईघाईनं, घशात कोरडं अडकत असताना. भूक होती म्हणून खाल्लं की कशासाठी, ते मला सांगता येत नाही. दोन दोन वाट्यांची गोष्ट संध्याकाळी वस्तीवर पोचली होती. त्यानंतर मी कामाला गेले नाही.

पायांची सूज मांडीपर्यंत आलीय. पोटाच्या वळीखाली कातडं चिघळलंय, तिथं माझा हात नीट पोचत नाही. तू होतीस तेव्हा तू हळद लावायचीस. आडवं झालं की जीव कोंडतो म्हणून भिंतीला टेकूनच झोपते.

भाऊजींनी मला नगरला नेलं. एसटीच्या दारातून जाणं जमत नाही, म्हणून चाऱ्याचा रिकामा ट्रक परत चालला होता त्यात बसवलं. डॉक्टरनं विचारलं, किती खातेस. म्हटलं, सकाळी भाकरी, रात्री भाकरी, कधी तीही नाही. तो भाऊजींकडे बघून हसला. त्याच्या दवाखान्यातला काटा माझ्यानं शेवटाला जाऊन टेकला, तर म्हणाला, आडतीवर वजन करून या. तिथं पोती मोजायच्या काट्यावर मला उभं केलं. हमाल काम सोडून बघायला आले. दीड पोतं भरलं, म्हणजे दीड क्विंटल. भाऊजी खाली मान घालून उभे होते. डॉक्टरनं मग गोळ्या लिहून दिल्या, आणि भाऊजींना बाहेर नेऊन काय सांगितलं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. हे मोठ्यानं वाचू नकोस.

परवा झुंबरबाईचा भाऊ गोरक्षनाथ तुमच्या तळावरून आला होता. पाणी प्यायला दारात थांबला आणि म्हणाला, "लंकाबाईला आता मोळ्या उचलत न्हाईत. दिवस गेलेत तिला." मग तो तांब्याकडेच बघत राहिला. कुणाचे, ते मी विचारलं नाही. तुझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आणि कोपीत तुम्ही दोघंच आहात.

कोयत्याला जोडी लागते. एकानं तोडायचं, एकीनं बांधायचं. एकट्या गड्याला मुकादम घेत नाही, आणि मला वाकता येत नाही. तेव्हा लंकाला न्या, हे तुझ्या दाजींना मीच म्हणाले. तू नको म्हणत होतीस. ते काही बोलले नाहीत. त्या वेळी त्यांचं गप्प बसणं मला कळायला हवं होतं, असं आता वाटतं.

मला राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस चूल पेटवली नाही. तू समोर असतीस तर काय बोलले असते कोण जाणे. पण बाई, गेली सहा वर्षं ते माझ्या शेजारी झोपलेले नाहीत. माझी दोन पोटात गेली, तिसरं राहिलंच नाही. ते मला कधी टाकून बोलले नाहीत, कधी मारलं नाही. नुसतं बघणं सोडलं.

हंगाम संपला की घरीच या. त्यांना सांग, पाट लावायचा असेल तर लावा, मी आड येणार नाही. घर तुम्हाला राहील. मी गोठ्यात राहीन, त्याचं दार रुंद आहे. तुझं बाळंतपण करायला आई नाही, मी करायला हवं होतं. पण मला खाली बसता येत नाही, आणि बसले तरी मूल घ्यायला मला मांडी राहिलेली नाही. झुंबरबाईला सांगून ठेवलंय, ती न्हाऊ घालील.

त्याआधी माझं काही झाल्याचा निरोप आला, तर हंगाम अर्धा टाकून येऊ नका. तिरडी जड लागली की खांदा देणारी माणसं काय बोलतात, ते मी ऐकलंय. म्हणून भाऊजींना म्हटलं, मला बैलगाडीतून न्या, कुणाच्या खांद्यावर देऊ नका. ते उठून गेले. संध्याकाळी बघितलं तर गाडीच्या साट्याला नवी फळी ठोकत होते.

वस्तीवर आता तुला माझी सवत म्हणतात. ते त्यांच्या तोंडी राहू दे. जड उचलू नकोस, पाणी उकळून पी.

तुझी बहीणच,
मनकर्णा