खरजेचा कायदा

प्रिय ऑनर,

हे पत्र मी स्वतःच लिहितोय. कौन्सिलच्या कारकुनाला सांगितलं असतं तर अक्षर बरं आलं असतं, पण घरातली गोष्ट त्याच्यासमोर कशी बोलायची? आयर्लंडात आमची शाळा कुंपणाच्या आडोशाला भरायची. पाऊस आला की सुटायची, आणि पाऊस तर रोजचाच. तेव्हा चुकेल ते समजून घे. बाळाचा खोकला कसा आहे? दक्षिणेचा बर्फगार वारा सुटलाय, त्याला दाराजवळ निजवू नकोस. सरपण पुरेल ना? विचारलं म्हणून रागावू नकोस.

खरजेचा कायदा कौन्सिलात मंजूर झाला, हे वर्तमानपत्रात आलंच असेल. माझ्याच एका मतानं झाला. शहरातले वकील मला 'लोकरवाले' म्हणतात. त्यातला एक म्हणाला, "काय हो लोकरवाले, जावयाच्या कळपाला खरूज, आणि कायदा तुम्हीच आणता? लेकीकडे पाणी तरी मिळेल का आता?" सगळे हसले. मीही हसलो. पण जेवण गेलं नाही.

तू पाळण्यात होतीस तेव्हा आपल्या पहिल्या कळपाला खरूज लागली. तुझी आई तंबाखूच्या कढत पाण्यानं एकेक मेंढी चोळायची. तिच्या हातांची सालं निघाली. नदीपलीकडच्या शेजाऱ्याकडे मेंढ्या औषधात बुडवायचा मोठा हौद होता. मी तो मागायला गेलो तर त्यानं कुत्री सोडली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्याच्या मेंढ्या निरोगी होत्या. आम्ही सगळा कळप मारून जाळला. तो वास अजून नाकात आहे. पुन्हा कुणाचा कळप असा जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. राजकारण मला कुठे येतं?

आता बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवसाबद्दल. तुझ्या फेलिमनं हात पुढे केला, मी हात मिळवला, आणि सरळ जाऊन बादलीत हात धुतले. त्याच्या बाहीला लोकर चिकटली होती. खरजेच्या कळपातल्या माणसाला शिवलं की हात धुवायचे, मगच आपल्या मेंढ्यांकडे वळायचं, ही इथल्या प्रत्येक मेंढपाळाची सवय. हात आपोआप बादलीकडे गेले, माझं लक्षही नव्हतं. फेलिम सगळ्यांसमोर म्हणाला, "सासरेबुवा, मेंढ्यांचं समजलं. आता आम्हीही खरजुले का?" मी ओले हात पुसत राहिलो. तू बाळाला उचललंस, आणि केक तसाच टेबलावर राहिला. तेव्हापासून तुझी काही खबर नाही.

मी फार विचार केला. नव्या कायद्याप्रमाणे हिवाळ्याआधी तुमचा कळप स्वच्छ झाला नाही तर सरकारी इन्स्पेक्टर तो मारून टाकणार. तुमच्याकडे हौद नाही, कढई नाही. माझ्याकडे दोन्ही आहे. अडचण अशी, की खरजेचा कळप ज्याच्या कुरणात शिरेल त्याचंही कुरण खरजेचं धरलं जाईल, असं एक कलम आहे. ते माझ्याच हट्टानं घातलेलं. म्हणजे माझ्या मेंढ्यांनाही शिक्का बसेल, वर्षभर एकही विकता येणार नाही. आणि वकिलांना तर सणच. पुढच्या निवडणुकीत कोण मत देईल कोण जाणे. नाही दिलं तर नाही.

फेलिमला सांग, सगळा कळप घेऊन खाली ये. चोरून नाही, सरळ रस्त्यानं, दिवसाढवळ्या. इन्स्पेक्टरला मीच कळवलंय. तंबाखू आणि गंधक आणून ठेवलंय. पाणी फार कढत होऊ नये, मेंढ्या भाजतात, याची मला आत्तापासून धास्ती आहे, म्हणून हौदाशी मी स्वतः उभा राहीन. नदीला पाणी चढलं असेल तर घाई करू नका, वर जिथे ती उथळ आहे तिथून या. बाळाला नीट गुंडाळून आण. फाटक उघडंच ठेवलंय, कुत्री बांधली आहेत. फेलिम आला की त्याच्याशी हात मिळवीन, त्याच हातानं त्याच्याबरोबर चहा-पाव खाईन, आणि मग आम्ही दोघं कामाला लागू.

वाट बघणारा,
तुझाच बाबा