एकदा मंजूर केलं की

४ मार्च
आलो एकदाचे! बदलीचा कागद हातात पडला तेव्हा वाटलं होतं, आईला अशा अवस्थेत घेऊन कुठे नाचू. पण घर झकास निघालं. तळमजला, जिना नाही, पलंग दारातून सरळ आत गेला. आईची खोली मागच्या बाजूला, दिवसभर उजेड. छापखान्याची कचेरी पायी बारा मिनिटांवर. तिथे बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, म्हणजे तेच काम, फक्त खुर्ची नवी. दिवसा आईजवळ बसायला एक मावशी मिळाल्या आहेत. तोंडाने फटकळ, हाताने मऊ.
झटका येऊन आईची वाचा गेली त्याला आठ महिने झाले. डावा हात तेवढा हलतो. त्या हातात चमचा असतो. पलंगाच्या दांडीवर एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घर आवडलं का, विचारलं. एकच टक, पण खणखणीत.

८ मार्च
ताईचा फोन. आईची खुशाली मी ब्लॉगवर लिहितो ती सगळे वाचतात, मामी वाचते, आईच्या मैत्रिणी वाचतात, पण तिथे कुणाला बोलता येत नाही अशी तिची तक्रार. ती म्हणाली, आईला आयुष्यभर माणसं लागली, आता घरात तुझं एकट्याचं तोंड. लोकांना लिहू दे आणि संध्याकाळी तिला वाचून दाखव. पटलं. नाही म्हणायला अंगात जोरही नव्हता.

११ मार्च
कचेरीत संगणकाचं सगळं एकच माणूस बघतो, त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने जेवणाच्या सुट्टीत तीन वाटा सांगितल्या. पहिली, प्रतिक्रिया लिहायची बाहेरच्या कंपनीची तयार पेटी. फुकट, दोन मिनिटांत बसते, पण सोबत जाहिराती येतात आणि कोण आलं, किती वेळ थांबलं, सगळ्याची नोंद ती ठेवते. आईच्या दुखण्याशेजारी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात? नको. दुसरी, पेटीच नको, लोकांनी मेल करावा. पण मामीला मेल जमत नाही. तिसरी, आपल्याच जागेत आपली पेटी. निगा आपल्या गळ्यात, पण किल्ल्याही आपल्याकडे. ही ठरली.
नवा माणूस लिहील तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया थांबून राहते. मी वाचून मंजूर करायची. एकदा मंजूर केलं की त्याचं पुढचं सगळं विनापरवाना आत. मी म्हटलं, प्रत्येक वेळी तपासतो की. मिस्त्री हसला. म्हणाला, डोळे आधीच खोबणीत गेलेत साहेब, आणखी एक मुद्रित कशाला मागे लावून घेता?

१९ मार्च
युक्ती लागू पडली. मामीने पहिल्याच दिवशी मला झापलं, आईला भरवताना घाई करतोस म्हणून, आणि ते वाचून दाखवल्यावर आई चक्क हसली. तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून, पण हसली. किती दिवसांनी!
आज एक नवीन माणूस आला. नावाच्या रकान्यात ‘जवळचा’ एवढंच. ‘खिडकीकडे तोंड करून झोपवलंत, बरं केलंत. निळी चादर त्यांना शोभते.’ एका हातात सुपाची वाटी, दुसऱ्या हातातल्या फोनवर वाचलं. चूक एकही नाही. स्वल्पविराम जागेवर. अशी स्वच्छ मजकुराची माणसं हल्ली कुठे मिळतात? मंजूर केलं.
आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा टक केलं. सूप नको असेल म्हणून वाटी बाजूला ठेवली.

२२ मार्च
आज सहज मागचं लिखाण चाळलं. निळ्या चादरीबद्दल मी कुठेच लिहिलेलं नाही. खिडकीबद्दलही नाही.
ताईला विचारलं, तिला हा माणूस माहीत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, मला तुमचं ते यंत्र उघडताही येत नाही, दुसरं काहीतरी विचारा. वीस वर्षं चुका शोधतोय मी. मजकूर शुद्ध दिसला की पास करतो; तो काय सांगतोय ते वाचतच नाही.
आजची प्रतिक्रिया न थांबता थेट आत आली. ‘तुम्ही फार दमला आहात.’
आठ महिन्यांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. सगळे विचारतात, आई कशी आहे. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? त्याची मंजुरी काढून टाकायची राहूनच गेली.

२७ मार्च
घरी आलो तर आईची नखं कापलेली, कूस बदललेली. मावशी फणकारल्या होत्या. दुपारी घरी येता तर सांगून येत जा, म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते, तुमचा आवाज येत होता, आईंना वाचून दाखवत होतात, चहा घेऊन गेले तर खोलीत तुम्ही नाहीच.
मी दुपारी घरी आलो नव्हतो.
पेटीत लिहिलं होतं, ‘आज त्यांना कुशीवर वळवलं. उद्याही मी बघतो. तुम्ही झोपा.’
भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. नऊ तास झोपलो.

२ एप्रिल
आई खात नाही. काही विचारलं की दोनदा. दुखतंय का? दोनदा. मग विचारलं, भीती वाटते का? एक टक. कुणी येतं का इथे? एक.
त्या दिवशी सुपाला नाही म्हणत नव्हती ती. मला सांगत होती.
त्याची मंजुरी काढली. मिस्त्रीने नोंदी दोनदा तपासल्या. मग म्हणाला, हे सगळं तुमच्या घरातूनच लिहिलंय, आणि त्या त्या वेळी तुम्ही इथे माझ्यासमोर बसला होतात. पेटीच उपटून टाकली त्याने, मुळासकट. मावशी कालपासून आलेल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत.

३ एप्रिल
रजा टाकली. दिवसभर आईजवळ. फक्त दूध आणायला गेलो, दहा मिनिटं.
परत आलो तर आईच्या पलंगाला लागून जमिनीवर एक बिछाना. निळी चादर, चारी कोपरे नीट खोचलेले. उशीशेजारी चमचा.
आईचा चमचा आईच्या हातात होता. हा दुसरा.
ब्लॉगवर पेटी काढलेल्या जागी एक ओळ आहे. ‘तुमचीही जागा केली आहे.’

४ एप्रिल, सकाळ
बिछाना गुंडाळून बाहेर टाकला. आत गेलो, तो पुन्हा तिथेच. ताई निघाली आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल. आईला एकट्याने उचलता येत नाही, नाहीतर कधीच—
फार दमलोय. त्या चादरीकडे बघितलं की आडवं व्हावंसं वाटतं.

दुपार
पाणी आणायला गेलो. परत आलो तर आईच्या खोलीचं दार बंद. आतून कडी. आई नऊ महिने उठलेली नाही—
धक्के मारले. खांदा सुजला. दाराशीच बसलोय. लिहितोय कारण हात थांबला तर मी ओरडेन.

दारातून विचारलं, आई, तो आत आहे? एक टक.
मी येऊ? दोन. जोरात.

आत कुणीतरी बोलतंय. माझ्याच आवाजात. आईला विचारतंय— बाहेर एकजण थांबलाय, दमलाय फार, घेऊ का आत—
टक टक.
नाही म्हणाली.

पुन्हा विचारलं. तेच, तितक्याच मायेने. टक टक.
कडी हलते आणि थांबते.

पुन्हा. दोन, पण हळू. तिचा हात दुखतो एवढ्याने, मला माहीत आहे, जेवताना चार घासांत दुखतो—
आई, दम धर. ताई येतेय.

पुन्हा विचारलं.
टक.
दुसरी— आई, दुसरी टक कर— आई, दुस