जुन्या कार्डाची चिठ्ठी

शुक्रवार, दसऱ्यानंतरचा. २००३.

कॉम्प्युटर क्लासमधल्या जुन्या मशीनवर आज लिनक्सची नवी सीडी चढवली आणि नेटवर्क गेलं. शाहूपुरीतल्या बसवराजअण्णाला फोन केला, मशीन त्यानंच जोडून दिलंय. म्हणाला, "सर, असली जुनी नेटवर्क कार्डं नव्या लिनक्सात चालत न्हाईत. बदला की." इतक्या पटकन? न बघताच?

मला पटेना. सीडीवरची ड्रायव्हरची यादी काढली, तर आमच्या कार्डाचं नाव सरळ लिहिलेलं! फक्त लिनक्सला ते आपणहून सापडत नाही, ते कुठल्या पत्त्यावर बसवलंय तो आकडा हातानं द्यावा लागतो. तो आकडा अण्णानंच चिठ्ठीवर लिहून मशीनच्या डब्यात आतून चिकटवला होता. डबा उघडला. चिठ्ठी गायब.

मागच्या महिन्यात मशीनचा पंखा बदलायला तोच आलता. मग दुसरं कोण काढणार? नवं कार्ड खपवायचं असणार. परत फोन लावून सरळ चोर म्हणालो. त्यानं गुमान फोन ठेवला. खरं नसतं तर भांडला नसता?

जेवताना बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. "अहो, खंडेनवमीला पूजेआधी मशीन उघडून पुसताना ती चिठ्ठी तुम्हीच खरवडून काढली की. कळकट दिसतीया म्हणालासा."

व्हय. नखानं खरवडली होती. वर हळदीकुंकूही मीच वाहिलं.

आता तो आकडा फक्त अण्णाच्या वहीत, जोडलेल्या प्रत्येक मशीनचे आकडे तो तिथं लिहून ठेवतो. उद्या जाऊन मागायचा. माफीही मागेन. आकडा देईल तो. पण चोर म्हणणाऱ्याला बरोबर देईल?